पिवळं पान दिसलं की कात्री?

मागच्या वर्षी जूनमध्ये माझी बदली बीडला झाली. बँकेत नोकरी करणाऱ्यांना बदली काही नवीन नसते. तरीही ऑर्डर हातात पडल्यावर पुण्यातल्या आमच्या ग्रुपच्या रिअ‍ॅक्शन्स ऐकून मी अंटार्क्टिकाला निघालेय की काय, असं वाटायला लागलं. ‘तिथे कॉफी शॉप आहे का गं?’ इथपासून ‘उन्हाळ्यात कसं होणार तुझं?’ इथपर्यंत सगळं ऐकून झालं. मी दोन बॅगा भरल्या, मिक्सर घेतला आणि बाबांचा मनीप्लांट मांडीवर ठेवून गाडीत बसले. अहिल्यानगर, जामखेड करत बीड येईपर्यंत ती काचेची बरणी मी खाली ठेवली नाही.

मनीप्लांट म्हणजे काही दुर्मीळ झाड नव्हे. कुणाच्याही खिडकीत असतो. पण हा बाबांचा होता. त्यांच्या टेबलावर, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. दर रविवारी आंघोळ झाली की ते त्याचं पाणी बदलायचे, फडक्याने पानं पुसायचे आणि मगच पेपर हातात घ्यायचे. बाबा गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. बीडला आले तेव्हा वेलाला एकोणीस पानं होती. मोजली होती मी.

गणपती बसले तेव्हा सात उरली.

झालं काय, की नव्या घराच्या उत्साहात मी त्याला ‘अपग्रेड’ दिला. बरणीतून काढून छान सिरॅमिकच्या कुंडीत लावला. घरमालकीण काकूंच्या शेतातली काळीभोर माती आणली. मनात म्हटलं, ज्या मातीत कापूस पिकतो तिच्यात मनीप्लांट काय, नाचेल! वरून रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी ग्लासभर बोअरचं पाणी. पंधरा दिवसांत पहिलं पान पिवळं पडलं. मी कात्रीने कापलं. मग दुसरं. तेही कापलं. घर नीटनेटकं ठेवायची सवय असलेल्या माणसाला कुंडीतलं पिवळं पान म्हणजे शर्टावरचा डाग वाटतो. दिसला की काढायचाच. शिवाय ‘खराब पान झाडाची ताकद खातं, ते काढलं की झाड जोमाने वाढतं’ हा फंडा मी कुठेतरी ऐकला होता आणि अर्थातच मला तो पटला होता, कारण मला हवं तेच तो सांगत होता.

सातवं पान कापायला घेतलं तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. मोदकांचा डबा घेऊन आल्या होत्या.

‘अगं माय, कशाला तोडायलीस ते?’

‘पिवळं पडलंय ना काकू. खराब झालंय.’

‘खराब झालंय का थकलंय, ते बघितलंस का?’

खरं सांगते, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन्हींत काही फरक असतो, हेच मला ठाऊक नव्हतं.

लाल्या आणि डोमकळी

काकूंची शेती गेवराई तालुक्यात. कापूस, तूर, थोडा ऊस. दिवाळीच्या आधीच्या रविवारी काका-काकू मला सोबत घेऊन गेले. मी पहिल्यांदाच कापसाच्या सरीत उभी राहत होते. बोंडं फुटायला लागली होती आणि कडेच्या पाचसहा ओळींची पानं चक्क लाल झाली होती. फोटोला एकदम झकास! मी मोबाइल काढला तर काका हसले. म्हणाले, ‘फोटो काढायसारखं काही नाही त्यात. लाल्या आहे तो.’

लाल्या म्हणजे कापसाची पानं लाल पडण्याची विकृती. बोंडं भरायला लागली की त्यांना अन्न लागतं. जमिनीतून ते पुरेसं मिळालं नाही, की झाड जुन्या पानांतला नत्र आणि मॅग्नेशियम काढून बोंडांकडे वळवतं. हरितद्रव्य कमी होतं, त्यात रात्री गार पडायला लागल्या की लाल रंगद्रव्य वाढतं आणि पान लालभडक दिसतं. मी अगदी स्वाभाविकपणे विचारलं, ‘मग ही पानं तोडून टाकायची का?’ काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू चेकवर पेन्सिलीने सही केली होती. ‘पानं तोडून काय होणार? त्याला खायला पायजे. मॅग्नेशियम सल्फेट फवारलंय, युरिया फवारलाय. आता वरची पानं वाचतील.’

तिथून दहा पावलं पुढे गेलो असू. काकू चालता चालता वाकल्या आणि एक गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल त्यांनी खुडलं. उघडून दाखवलं. आत अळी. ‘ही डोमकळी. ही मात्र दिसली की काढायची. एक मिनिट ठेवायची नाही.’ बोंडअळीचं नाव काढल्यावर दोघांचेही चेहरे बदलले. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस अक्षरशः पोखरला होता आणि तो हंगाम बीड जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. डोमकळी झाडावर ठेवली, की आतली अळी मोठी होते, तिचा पतंग होतो आणि पुढच्या बोंडांवर अंडी पडतात. म्हणून ती खुडायची आणि नष्ट करायची. बांधावर फेकूनही चालत नाही.

माझ्या डोक्यात तेव्हा ट्यूब पेटली. एकच शेत, एकच बाई, एकच पीक. लाल पान ती झाडावर ठेवते आणि मिटलेलं फूल क्षणात खुडते. दिसायला दोन्ही ‘खराब’च. पण एक भाग झाडाला अजून काही देतोय आणि दुसरा शेजाऱ्याला बाधा करणार आहे. कात्रीचा निर्णय इथे होतो. पान कसं दिसतं यावर नाही, ते काय करतंय यावर.

उसाचंही तसंच. खालची पानं वाळली की त्यांना पाचट म्हणतात. काकू सांगत होत्या, वाळलेलं तेवढंच काढायचं, हिरव्याला हात लावायचा नाही. आणि काढलेलं पाचट जाळायचं नाही, सरीतच अंथरायचं. ओल टिकते, कुजून खत होतं.

पान जाण्याआधी काय करतं?

आता थोडं विज्ञान, फार नाही. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही झाडात फिरणारी अन्नद्रव्यं. कमी पडली की झाड ती म्हाताऱ्या, खालच्या पानांतून काढून वरच्या कोवळ्या पानांना पाठवतं. पान पिवळं पडत जातं ते त्यामुळे. म्हणजे तुम्हाला जे पान मरताना दिसतंय, ते खरं तर चार्ज सोपवत असतं. आमच्याकडे बदली झालेला ऑफिसर चाव्या, फायली, रजिस्टर सगळं पुढच्याच्या हाती देतो आणि मग रिलीव्ह होतो, तसं. हे चालू असताना तुम्ही पान कापलंत, तर त्यात उरलेला माल कचऱ्याच्या डब्यात गेला. झाडाची गरज तर तशीच आहे. मग ते काय करणार? पुढच्या पानाकडे हात पसरणार. मी एकामागून एक पानं कापत होते आणि एकामागून एक पिवळी पडत होती, त्याला माझी कात्रीही थोडा हातभार लावत होती.

याउलट लोह आणि कॅल्शियम झाडात सहज फिरत नाहीत. जुन्या पानात एकदा बसले की बसले. त्यामुळे यांची कमतरता नव्या पानांवर दिसते. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं की लोहाची शंका घ्यायची. मराठवाड्यात मोसंबी लावणाऱ्याला हे चित्र पाठ असतं. इथली काळी माती चुनखडीची, विम्लधर्मी. तिच्यात लोह असलं तरी मुळांना उचलता येत नाही. अशा वेळी शेंड्याची पानं कापणं म्हणजे झाडाचं भविष्यच कापणं. उपाय आहे चिलेटेड लोहाचा, कृषी सेवा केंद्रात छोट्या पाकिटात मिळतं.

म्हणून पहिला प्रश्न: पिवळेपणा कुठे आहे? खाली की वर?

माझ्या मनीप्लांटची पानं खालून पिवळी पडत होती. पण कारण खताचं नव्हतंच. काकूंनी कुंडीच्या मातीत बोट घातलं आणि बोट बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. ओलं, चिकट, वास मारणारं. शेतात सोनं असणारी माती सिरॅमिकच्या कुंडीत चिखल होते. तिच्यातून पाणी लवकर निचरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मुळं कुजली की पाणी असूनही झाड तहानलेलं. आणि मी काय करत होते? पानं पिवळी पडताहेत म्हणून अजून एक ग्लास!

पान म्हणजे मीटरचा काटा असतो, मंडळी. काटा मोडून टाकला तर टाकीत पेट्रोल वाढत नाही.

मग कापायचं कधी?

याचा अर्थ सगळी पानं देवाच्या भरवशावर सोडायची, असा मुळीच नाही. डोमकळीचा धडा विसरायचा नाही.

पानावर तपकिरी किंवा काळे ठिपके, भोवती पिवळं वलय आणि रोज ठिपके वाढताहेत? बहुतेक बुरशी किंवा जिवाणू. ते पान त्याच दिवशी काढा. पान लिबलिबीत झालंय, दाबलं की पाणी सुटतं? काढा. मातीला टेकून सडतंय? काढा. काढलेलं पान त्याच कुंडीत टाकू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात. उसाचं पाचट सरीत अंथरतात, पण ते निरोगी असतं म्हणून.

किडीचं थोडं वेगळं. उन्हाळ्यात, आणि एसीच्या कोरड्या हवेत बारा महिने, लाल कोळी येतो. पानावर बारीक फिकट टिपके आणि खालच्या बाजूला जाळी दिसते. पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. सुरुवात असेल तर पान कापायची गरज नसते. ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा. पान किडीने पूर्ण भरलं असेल तर मात्र कात्री.

उन्हाने भाजलेलं पान? बाल्कनीत पश्चिमेच्या उन्हात ठेवलेल्या रबर प्लांटवर पांढरट-तपकिरी डाग पडतो. तो डाग भरून येत नाही, पण पसरतही नाही. उरलेलं हिरवं पान आपलं काम करतच असतं. माझा साधा हिशोब असा: पान निम्म्याहून जास्त हिरवं आणि रोग नाही, तर ठेवायचं. निम्म्याहून जास्त गेलं, तर झाड सशक्त असेल तेव्हा काढायचं. आधीच मोजकी पानं उरलेल्या आजारी झाडाला अर्धं पानसुद्धा लाखमोलाचं असतं, कारण मुळं नवीन फुटायला जे अन्न लागतं ते पानांतच तयार होतं.

अरेका पाम किंवा स्पायडर प्लांटची नुसती टोकं करपली असतील, तर अख्खं पान कशाला? पाण्यातले क्षार हे त्याचं एक नेहमीचं कारण. बीडच्या माझ्या बोअरच्या पाण्याने तर किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो, मग कुंडीत काय होत असेल! टोकाचा करपलेला भाग पानाच्या आकारात कापायचा आणि कडेला केसाएवढी तपकिरी रेघ ठेवायची. हिरव्यात कात्री घुसली की नवी जखम आणि पुन्हा नवं करपणं. महिन्यातून एकदा कुंडीला तळातून पाणी वाहून जाईल इतकं भरपूर पाणी द्या, क्षार धुऊन जातात. पावसाचं पाणी मिळालं तर सोन्याहून पिवळं.

आणि एक. कापायचं ठरलंच तर एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पानं काढू नका. कात्री आधी स्पिरिटने पुसा, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा पुसा. देठ ओढून खोडाची साल सोलू नका. रबर प्लांटचा चीक आणि डिफेनबॅकियाचा रस कातडीला त्रास देतो, हातमोजे घाला. मनीप्लांटची पानंही लहान मुलं आणि मांजरांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

पुढे काय झालं?

गणपतीतच, काकूंच्या देखरेखीखाली, वेल कुंडीतून काढला. मुळं तपकिरी, मऊ. कुजलेला भाग कापून टाकला. चांगल्या दांड्याचे तीन तुकडे केले, प्रत्येकाला निदान दोन पेरं आणि दोन पानं राहतील असे. एक पान पिवळट होतं. माझा हात सवयीने कात्रीकडे गेला आणि मागे आला. दोन तुकडे बाबांच्या बरणीत गेले, साध्या पाण्यात. तिसरा कोकोपीट, वाळू आणि थोडं शेणखत घातलेल्या कुंडीत. खत नाही, टॉनिक नाही. मुळं नसलेल्या झाडाला खत देणं म्हणजे ताप आलेल्याला पुरणपोळी.

सर्वपित्रीपर्यंत काहीच हललं नाही. मी रोज रात्री ऑफिसमधून आल्यावर बरणी दिव्यासमोर धरून बघायची. कबूल करते, त्या दिवसांत पानाच्या पिवळेपणापेक्षा मला दुसरीच भीती होती. बाबांच्या वस्तू आईने जपून ठेवल्यात, चष्मा, घड्याळ, डायऱ्या. त्या आहेत तशाच राहतील. पण त्यांची जिवंत अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती आणि ती मी नीटनेटकेपणाच्या नादात सात पानांवर आणली होती.

दसऱ्याच्या आसपास बरणीत पांढरं मूळ दिसलं, दोऱ्याएवढं. आणि नवं पान कुठून फुटलं माहितेय? जिथलं पान मी ऑगस्टमध्ये कापलं होतं, त्या रिकाम्या पेरावरच्या डोळ्यातून. मनीप्लांटच्या प्रत्येक पेरावर डोळा असतो. पान गेलं तरी दांडा शाबूत असेल तर तिथून फुटवा येऊ शकतो. काकूंना दाखवलं तर म्हणाल्या, ‘व्हय, मग! वेल जगायला पायजे. पानं काय, येतेत जातेत.’

आज तिन्ही मिळून चौदा पानं आहेत. कुंडीतला वेल काकूंच्या जिन्यात आहे, त्यांनी मागून घेतला. बरणी माझ्या टेबलावर. एकोणिसातली जुनी, म्हणजे बाबांनी पुसलेली, पानं बहुतेक गळाली. एकच उरलंय, सगळ्यात खालचं. गेल्या आठवड्यात त्याची कड पिवळी व्हायला लागली. पाणी स्वच्छ आहे, मुळं पांढरी आहेत, ठिपके नाहीत, कीड नाही. वय झालंय त्याचं.

रविवारी पाणी बदलताना मी ते फडक्याने पुसलं आणि देठाला अगदी हलकं ओढून बघितलं. घट्ट आहे अजून. कात्री ड्रॉवरमध्येच आहे. सुटेल तेव्हा आपणहून हातात येईल.

कात्री उचलण्याआधी हे बघा

• पिवळेपणा खालच्या पानांवर की शेंड्यावर? खाली असेल तर पाणी, मुळं, नत्र-मॅग्नेशियम किंवा नुसतं वय. वर असेल तर लोहाची शंका.

• मातीत दोन पेरं बोट घाला. ओलं लागलं तर आज पाणी नाही.

• रोज वाढणारे ठिपके, सड, लिबलिबीतपणा: त्याच दिवशी काढा, कुंडीत टाकू नका.

• निम्म्याहून जास्त हिरवं आणि निरोगी: ठेवा.

• पूर्ण पिवळं किंवा वाळलेलं: हलकं ओढा. आलं तर घ्या, नाही आलं तर चार दिवस थांबा.

• एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पानं नकोत. कात्री स्पिरिटने पुसलेली.

• कारण सापडल्याशिवाय कापू नका. नाहीतर पुढच्या आठवड्यात पुढचं पान.